स्वभावभेद आणि कामांतील बोलणें

परभणीच्या मोंढ्यांत कापसाची आवक सुरू झाली, म्हणजे एखाद्या अडत्याच्या दुकानीं दोन घटका बसून पाहावें. एक मुनीम शेतकरी दारांत येतांच त्याच्याशीं बोलूं लागतो. भाव, पाऊस, घरची ख्यालीखुशाली, सर्व कांहीं एका दमांत. दुसरा मान खालीं घालून आंकडे मांडीत असतो, व कांहीं विचारलें तर क्षणभर थांबून उत्तर देतो. पहिल्यास वाटतें, हा गर्विष्ठ आहे. दुसऱ्यास वाटतें, हा उथळ आहे. वस्तुतः दोघेहि आपलें काम चोख करीत असतात.

स्वित्झर्लंडांतील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या दोन प्रवृत्तींचें विवेचन केलें. मराठींत त्यांस बहिर्मुख व अंतर्मुख म्हणतात. एकाचा विचार बोलतां बोलतां आकार घेतो, दुसऱ्याचा बोलण्यापूर्वींच मनांत पक्का होतो. वात, पित्त व कफ यांवरून प्रकृति ओळखण्याची आपल्या वैद्यांची रीत तर फार जुनी आहे. मात्र गोणीवर शिक्का मारावा तसा मनुष्यावर मारतां येत नाहीं. बहुतेक माणसें दोन्ही टोकांच्या मध्येंच कोठें तरी असतात.

टिळक आणि आगरकर यांचें उदाहरण या प्रसंगीं आठवतें. दोघेहि १८५६ सालीं जन्मलेले. दोघांनीं १८८१ सालीं निघालेल्या 'केसरी'साठीं एकत्र खपावें, १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढावे, आणि पुढें एकमेकांपासून दूर व्हावें, हें वाचून मन उदास होतें. आगरकरांनीं १८८७ सालीं 'केसरी' सोडला व पुढल्या वर्षीं 'सुधारक' काढला. टिळकांनीं १८९० सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. त्यांचा वाद केवळ स्वभावाचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. आधीं समाजसुधारणा कीं आधीं राजकारण, आणि संस्थेच्या सभासदांनीं बाहेरचें काम पत्करावें कीं नाहीं, हे खरे तत्त्वाचे प्रश्न होते. तत्त्वभेद गोड बोलण्यानें मिटत नाहीं, व मिटूंहि नये. परंतु आपल्या नित्याच्या कचेऱ्यांतील बहुतेक भांडणें इतक्या थोर कारणांवरून होत नाहींत! तेथें नुसत्या संवयीच्या भेदालाच आपण तत्त्वभेद समजतों.

प्रस्तुत लेखकास हें आपल्याच अनुभवावरून सांगतां येतें. तरुणपणीं एका कचेरींत मी नोकरीस होतों. सुचेल तें तत्काळ वरिष्ठांपुढें जाऊन सांगावें, ही माझी संवय. ते ऐकून घेत व "लिहून आणा" एवढेंच म्हणत. मला तो अपमान वाटे. सहा महिने मी मनांत अढी धरून होतों, व त्या काळांत हिशेबांतील एक मोठी चूक मला दिसली असतांहि, रागानें, मी ती सांगितली नाहीं. अखेरीस एका वृद्ध कारकुनानें मला बाजूस घेतलें व म्हटलें, "अहो, साहेबांना डोळ्यांनीं ऐकूं येतें." त्या रात्रीं मी अर्धें पान लिहिलें. दुसरे दिवशीं तें वाचून त्यांनीं मला खुर्ची दिली व अर्धा तास माझ्याशीं बोलत बसले. ती चूक तोंपर्यंत पुढल्या तीन महिन्यांच्या हिशेबांत शिरली होती. ती निस्तरण्यास आम्हां दोघांस कित्येक संध्याकाळी बसावें लागलें.

बोलघेवड्या सहकाऱ्यास आधीं बोलूं द्यावें, व निर्णय मागाहून विचारावा. अबोल सहकाऱ्यास प्रश्न आदले दिवशींच कळवावा. इतक्यानेंच पुष्कळ काम सुकर होतें.

पालकांसहि एक विनंति आहे. प्रगतिपुस्तक हातीं घेऊन वडील रागें भरतात, व मुलगा खालीं पाहून उभा राहतो. त्या मौनास ते उद्धटपणा समजतात आणि आवाज चढवितात. मुलाचे ओठ अधिकच मिटतात. अशा वेळीं पुस्तक मिटून ठेवावें, व जेवणें झाल्यावर, अंगणांत किंवा शेताच्या वाटेवर, त्यास पुन्हा विचारून पाहावें.