तीस सप्टेंबरचा पट

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या उमापूरच्या भागात शाळेच्या वर्षात दोन दिवस महत्त्वाचे असतात. एक ३० सप्टेंबर आणि दुसरा दसरा. ३० सप्टेंबरला शाळेच्या पटावर जितकी मुले असतील, त्यांवरून त्या शाळेला शिक्षक किती द्यायचे हे ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात. यू-डायस या देशभरच्या शालेय माहितीसाठीही वर्षानुवर्षे हीच तारीख धरली गेली. दसऱ्याचे महत्त्व मात्र कोणत्याही परिपत्रकात नाही. सोने लुटून झाले की गावाच्या कडेला ट्रॅक्टर लागतात, त्यांत भांडी, गोधड्या, शेळ्या, करडे आणि पोरे चढतात, आणि वर्गातले कितीतरी बाक रिकामे होतात. या दोन दिवसांत बहुधा दोन-चार दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंतच अंतर असते. एवढ्याशा अंतरात शिक्षणाची केवढी मोठी गोष्ट दडली आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर, राज्यशास्त्राचा अभ्यास करताना प्रथम उमगले. तीच वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

माझे आई-वडील ऊसतोड कामगार आहेत. त्यांच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचे, असा हा धंदा. माझ्या घरात अक्षर ओळखणारा पहिला माणूस मी नव्हे, माझी ताई होय. २०११ साली ऑक्टोबरच्या ३, ४ आणि ५ तारखेला राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. काही शाळा खोटी नावे लावून अनुदान उकळतात असा संशय होता, म्हणून प्रत्येक मूल प्रत्यक्ष मोजायचे ठरले, आणि एकच मूल दोन ठिकाणी उभे केले जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. ताई तेव्हा दुसरीत होती, मी पाच वर्षांचा. मतदान केलेल्या माणसाच्या ऐटीत ती बोट दाखवीत घरी आली. ६ तारखेला दसरा होता. पुढच्या आठवड्यात आमची टोळी निघाली. कोपीत बसून ती धाकट्या भावाला खेळवायची तेव्हा तिच्या नखावर ती शाई अजून होती. सरकारी मोजणीत ती खरी विद्यार्थिनी ठरली होती, आणि ते खोटेही नव्हते.

शाळेने आणि सरकारने मुलाच्या शिक्षणाचा जाब दिला पाहिजे हे तत्त्व आपल्याकडे कायद्यात कसे आले, ते थोडक्यात सांगतो. मूळ घटनेत शिक्षण हा राज्यांचा विषय होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही झाला. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, त्यासाठी २००९ साली संसदेने शिक्षण हक्क कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. या कायद्याची चर्चा बहुधा खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागांवरून होते. मला त्यातली इतर कलमे अधिक मोलाची वाटतात. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा चालली पाहिजे. मुलाने शाळा बदलायची म्हटले तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. नववे कलम तर आमच्यासाठीच लिहिल्यासारखे आहे. स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवावी आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करावी, असे ते सांगते.

आता जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस मोजा. रविवार, सण आणि श्रावणातल्या सुट्ट्या वजा जाता शंभरही भरत नाहीत. शाळा दोनशे दिवस उघडी राहिली, कायदा पाळला गेला. ताईच्या वाट्याला त्यातले निम्मेही दिवस आले नाहीत.

परीक्षेचेही तसेच आहे. विद्यार्थ्यांना काय येते हे पाहण्यासाठी केंद्र सरकार राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण करते. २०१७ साली ते १३ नोव्हेंबरला झाले, २०२१ साली १२ नोव्हेंबरला. 'परख' या नव्या नावाने २०२४ साली झाले ते ४ डिसेंबरला. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे तोडणीचा भर. चाचणी निवडक शाळांत होते आणि ती त्या दिवशी हजर असलेली मुलेच देतात, हे उघड आहे. तेव्हा मोजणी सप्टेंबरात होते, त्या वेळी आमची मुले असतात. परीक्षा नोव्हेंबरात होते, त्या वेळी ती नसतात. बीड जिल्ह्याची जी सरासरी निघते तीत त्यांचे अज्ञान मिसळलेले नसते. कोणी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. तारखा ठरवणाऱ्याच्या घरात कोयता नसावा, इतकेच.

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण तिथेही संघराज्य आहे आणि शाळा हा मुळात राज्यांचा विषय आहे. १९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात गरीब वस्त्यांतील शाळांना केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला. २००२ च्या जानेवारीत जॉर्ज बुश यांनी त्याच कायद्याच्या नव्या रूपावर सही केली. 'एकही मूल मागे राहू नये' असा त्याच्या नावाचा अर्थ. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी घ्यायची, शाळेचा निकाल सुधारला नाही तर तिच्यावर कारवाई करायची, आणि २०१४ पर्यंत सगळी मुले अपेक्षित पातळीला आणायची, असा बेत होता. तो पार पडला नाही. अटलांटा शहरात तर शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्या आणि २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा बदलून बरेच अधिकार राज्यांकडे परत गेले. धाकाने शाळा सुधारत नाहीत, असा धडा बरेच जण यातून काढतात, आणि तो बरोबर आहे. पण त्या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली. राज्याच्या निकालपत्रकात सरासरी देऊन भागत नसे. गरीब, अपंग, इंग्रजी न येणारी, वेगवेगळ्या वंशांची आणि स्थलांतरित मुले यांचे आकडे वेगवेगळे छापावे लागत. तिकडेही पिकांमागे हिंडणारे शेतमजूर आहेत आणि त्यांच्या मुलांसाठी निकालपत्रकात स्वतंत्र रकाना होता. आपल्याकडच्या सर्वेक्षणात जात, लिंग, ग्रामीण-शहरी असे भेद दाखवतात. ऊसतोड मजुराच्या मुलाचा रकाना मला कुठे दिसला नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूल आजीजवळ राहावे आणि त्याला दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून आमच्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालवली जातात. मी त्याच जेवणावर शिकलो. एके वर्षी ते सुरू व्हायला इतका उशीर झाला, की आजी म्हणाली, "तुझ्या वाटणीचं मी उपाशी राहीन, पण तू जाऊ नगं." दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेने मुलाला बसू द्यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड दिले जाते. कारखान्यांवर पूर्वी साखरशाळा चालत. संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे काढण्याचा निर्णय २०२१ साली झाला. पण यातल्या कशानेही मूळ प्रश्न सुटत नाही. मुलाचे नाव एका जिल्ह्यात असते आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यात असते. जिथे नाव आहे तिथले गुरुजी म्हणतात, मूलच नाही तर शिकवू कोणाला? जिथे मूल आहे तिथली शाळा म्हणते, हे आमच्या पटावर नाही. टोळी कर्नाटकात गेली तर राज्यही बदलते आणि शाळेची भाषाही.

गंमत अशी, की मूल कुठे आहे हे कोणालाच माहीत नसते असे नाही. कोणत्या टोळीत किती कोयते, कोणत्या गाडीवर, कोणत्या फडात, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत आणि कारखान्याच्या शेतकी खात्यात असतो. उचलीचा एक रुपया हरवत नाही. ती वही आणि जानेवारीतला एक दिवस, एवढे घेऊन कोपीकोपीवर जाऊन पट काढला, तर नवव्या कलमातली नोंद तयार होईल. मग त्या हद्दीतल्या प्राधिकरणाला जाब विचारता येईल.

आज जाब विचारला जातो तो मुलाला. पूर्वी आठवीपर्यंत नापास करता येत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्रात पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीतही नापास झाल्यास त्याच वर्गात. काहीच न येता वर ढकलणे वाईट, हे मला मान्य आहे. त्याचे फळ माझ्या घरात आहे. पण सहा महिने वर्गात नसलेल्या मुलीला नापास करून नेमके काय मोजले जाणार?

ताईला आजीजवळ ठेवले नाही. मी मुलगा म्हणून राहिलो, ती भावाला सांभाळायला गेली. ती एकदाही नापास झाली नाही आणि आठवीनंतर शाळेत गेली नाही. आता ती आणि दाजी मिळून एक कोयता आहेत. यंदा एका कागदासाठी तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, तो मी आणून दिला. प्रगती : समाधानकारक. वर्तणूक : चांगली. शाळा सोडल्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून. तिने तो बराच वेळ हातात धरला, आपल्या नावावर बोट ठेवून ते हळूहळू वाचले, आणि पुढचे सगळे मला वाचून दाखवायला सांगितले.