आप्पा सापडले का? ‘अवतार’ मालिका आणि सुटता न सुटणारा लळा

या आठवड्याचा एपिसोड ऐकला असेल तर तुम्हाला माहीतच आहे की मी बोलता बोलता दोनदा भरकटलो, आणि आयरोकाकांच्या प्रसंगाला पोचलो तेव्हा आवाज जरा बसला. एडिटिंगमध्ये ते काढलं नाही, राहू दिलं. पण बऱ्याच गोष्टी अर्धवट सुटल्या, म्हणून इथे जरा सलग लिहून काढतोय.

आधी एक खुलासा. हा ‘अवतार’ म्हणजे निळ्या माणसांचा जेम्स कॅमेरॉनचा सिनेमा नव्हे. ही ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन अ‍ॅनिमेटेड मालिका. निकलोडियन वाहिनीवर २१ फेब्रुवारी २००५ ला सुरू झाली, १९ जुलै २००८ ला संपली. तीन पर्वं, एकूण ६१ भाग, बस्स. मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनियेत्झको हे दोघं तिचे जन्मदाते. (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पुढचं जपून वाचा, सगळं फोडणार आहे.)

मी ती पाहिली फार उशिरा, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, भाच्याच्या लॅपटॉपवर. तो तेव्हा अकरावीत. मालिकेत एक उडणारा, सहा पायांचा, केसाळ गवा आहे, त्याचं नाव आप्पा. दुसऱ्या पर्वात तो हरवतो आणि सगळे ‘आप्पा, आप्पा’ करत हिंडतात. आतल्या खोलीतून आई बाहेर आली आणि काळजीने म्हणाली, “अरे, कुठले आप्पा? नाशिकचे का?” तेव्हापासून आमच्या घरी ही मालिका म्हणजे ‘आप्पांची गोष्ट’.

गोष्ट थोडक्यात अशी. जगात चार समाज आहेत: जलजमाती, भूराज्य, अग्निराष्ट्र आणि वायूचे भटके साधू. प्रत्येकातल्या काही माणसांना आपापलं तत्त्व हाताळता येतं, त्याला ‘बेंडिंग’ म्हणतात. चारही तत्त्वं हाताळू शकतो तो एकटा अवतार, जो मरतो आणि पुढच्या समाजात पुन्हा जन्मतो. आताचा अवतार आंग हा बारा वर्षांचा पोरगा. जबाबदारीला घाबरून पळतो, बर्फात गोठतो आणि शंभर वर्षांनी जागा होतो. तोवर अग्निराष्ट्राने त्याचा सगळा समाज संपवलेला असतो. म्हणजे लहान मुलांच्या वाहिनीवरची ही मालिका सुरू होते तीच एका नरसंहाराच्या शंभर वर्षांनंतर. आणि तरीही ती हसवते, हे तिचं खरं वैशिष्ट्य.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या पर्वाच्या शेवटाकडे ‘द गुरू’ नावाचा भाग आहे. आंगला भेटतात गुरू पथिक. हो, आपलाच पथिक, वाटसरू. ते त्याला कांदा आणि केळ्याचं सरबत पाजतात आणि सात चक्रं उघडायला शिकवतात. पहिली चार पृथ्वी, जल, अग्नी, वायू, म्हणजे आपल्याकडे मूलाधारापासून अनाहतापर्यंत जो क्रम सांगतात तोच. पाचवं मालिकेत ‘ध्वनी’चं आहे. आपल्याकडे विशुद्ध चक्र आकाशतत्त्वाचं मानतात आणि आकाशाचा गुण शब्द, म्हणजे तिथेही कुणीतरी अभ्यास करूनच लिहिलंय. प्रत्येक चक्र कशाने तरी तुंबलेलं: भीती, अपराधभाव, लाज, दुःख, खोटेपणा, भ्रम. आणि शेवटचं सातवं कशाने? आसक्तीने.

गंमत इथे आहे. चौथ्या चक्राला गुरू सांगतात, तुझ्या गेलेल्या माणसांचं प्रेम संपलेलं नाही, ते नव्या प्रेमाच्या रूपाने परत आलंय. आंगच्या डोळ्यांसमोर काटारा येते. सातव्या चक्राला तेच गुरू म्हणतात, आता तिला सोड. आंग वैतागतो. तीन चक्रांपूर्वी जे चांगलं होतं ते आता वाईट कसं? माझ्या मते हा अख्ख्या मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे, आणि मालिका त्याचं सरळ उत्तर देत नाही. आंग आधी पळून जातो, मग एका लढाईत खरंच तिला मनातून सोडतो आणि त्याच क्षणी पाठीत वीज लागून मरता मरता वाचतो. शेवटच्या भागाच्या शेवटच्या दृश्यात मात्र तो आणि काटारा एकत्र आहेत. म्हणजे सोडलं की नाही सोडलं? मराठीत आपल्याकडे ‘आसक्ती’ वेगळी आणि ‘लळा’ वेगळा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द चालतो, म्हणून कदाचित गुरूंची आणि चेल्याची तिथे गल्लत झाली.

आणि मला वाटतं, ही मालिका करणाऱ्यांचं आणि पाहणाऱ्यांचं गेल्या वीस वर्षांत जे झालं ते या सातव्या चक्रावरच अडलेलं आहे.

सुरुवात बघा. कोनियेत्झकोकडे एका टक्कल पडू लागलेल्या मध्यमवयीन माणसाचं जुनं रेखाटन होतं. त्याने त्याला लहान मूल करून पाहिलं, आणि ते मूल आकाशात गवे हाकतंय असं चित्र काढलं. डिमार्टिनो त्या वेळी दक्षिण ध्रुवावर अडकलेल्या संशोधकांवरचा माहितीपट पाहत होता. वाऱ्याचा माणूस आणि बर्फातली पाण्याची माणसं, असं जोडून दोघांनी जग उभारलं. नुसतं दिसायला छान नाही, पायापासून. बेंडिंगच्या हालचाली खऱ्या चिनी युद्धकलांवरून घेतल्या, त्यासाठी सिफू किसू नावाचे जाणकार सल्लागार होते: पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, आगीला उत्तरेकडचं शाओलिन आणि वाऱ्याला बाग्वाझांग, ज्यात गोल गोल फिरत समोरच्याला चुकवायचं असतं. आंग आयुष्यभर लढाई चुकवतोच की. टॉफचं तर आणखी वेगळं. ही आंधळी मुलगी भल्याभल्यांना मातीत लोळवते. मूळ आराखड्यात ती मुलगी नव्हतीच, दांडगा मुलगा होता. तिला मुलगी करू या, असं मुख्य लेखक अ‍ॅरन इहाझ यांनी सुचवलं, आणि कोनियेत्झकोचा सुरुवातीला विरोध होता. आज टॉफशिवाय मालिका कल्पनेत येत नाही.

आयरोकाकांबद्दल रेकॉर्डिंगमध्ये नीट बोलता आलं नव्हतं, ते इथे. काका म्हणजे खलनायक राजाचा थोरला भाऊ, निवृत्त सेनापती, चहाचा शौकीन. बा सिंग से या शहराच्या वेढ्यात त्यांचा मुलगा लू टेन मारला गेला. पुढे नशिबाने तेच काका त्याच शहरात निर्वासित म्हणून येतात. ‘टेल्स ऑफ बा सिंग से’ या भागात ते दिवसभर बाजारातून हिंडतात. एका रडणाऱ्या पोराची समजूत काढतात, लुटायला आलेल्या चोरालाच नीट उभं राहायला शिकवतात. संध्याकाळी टेकडीवर झाडाखाली मुलाचं चित्र ठेवतात आणि सकाळी त्या पोरासाठी म्हटलेलं गाणंच पुन्हा म्हणू लागतात. या वेळी ते पुरं होत नाही. सगळ्यांचं भलं केलं, फक्त स्वतःच्या मुलासाठी काही करता आलं नाही, असं काहीसं म्हणतात, एवढंच.

मग पडद्यावर अर्पणपत्रिका येते: माकोसाठी. आयरोला आवाज देणारे माको इवामात्सु हे जपानमध्ये, कोबे इथे जन्मलेले मोठे नट. ‘द सँड पेबल्स’साठी त्यांना ऑस्कर नामांकन होतं, आणि लॉस एंजेलिसमधली आशियाई अमेरिकन कलाकारांची ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही नाट्यसंस्था उभी करणाऱ्यांतले ते एक. जुलै २००६ मध्ये ते गेले, हा भाग त्याच सप्टेंबरात दाखवला गेला. म्हणजे मेलेल्या मुलासाठी रडणारा तो आवाज लोकांनी ऐकला तेव्हा आवाजाचा धनीच राहिला नव्हता. पुढे ग्रेग बाल्डविन यांनी ते काम इतक्या मायेने पेललं की अनेकांना बदल लक्षातच येत नाही. आणि २०१२ ला पुढची मालिका ‘द लेजंड ऑफ कोरा’ आली तेव्हा निर्मात्यांनी त्यातल्या एका नायकाचं नाव ठेवलं माको. शिवाय त्यात एक तरुण जनरल आयरो आहे, झुकोचा नातू. त्याला आवाज कुणाचा? डांटे बास्कोचा, म्हणजे मूळ मालिकेतल्या झुकोचाच. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तसंच हे.

निर्माते चाहत्यांचं ऐकत होते याचा पुरावा हवा असेल तर तिसऱ्या पर्वातला ‘एम्बर आयलंड प्लेयर्स’ पाहा. नायक मंडळी स्वतःच्याच आयुष्यावरचं एक भिकार नाटक बघायला जातात. ‘द ग्रेट डिव्हाइड’ नावाचा पहिल्या पर्वातला भाग चाहत्यांना फारसा आवडत नाही. नाटकात ती दरी येताच पात्रं म्हणतात, जाऊ दे, पुढे उडू या. जेट नावाचं पात्र मेलं की नाही यावर वाद होता, तर प्रेक्षकांतला झुकोच तो प्रश्न विचारतो आणि सोक्का म्हणतो, ते काही स्पष्ट नव्हतं बुवा. टॉफचं काम एक आडदांड पुरुष करतो आणि टॉफ खूश! (मूळ आराखडा आठवला ना?) आणि नाटककाराला माहिती पुरवणाऱ्यांमध्ये एक कोबीवाला व्यापारी असतो. हा बिचारा मालिकाभर कुठेही दिसला की त्याची कोबीची गाडी उलटते. त्याला आवाज देणाऱ्या जेम्स सी यांनाच नेटफ्लिक्सने २०२४ च्या मालिकेत प्रत्यक्ष कोबीवाला म्हणून उभं केलं. एवढ्याशा पात्रावर एवढी माया!

पण लळ्याचा जाचही होतो. २०१० साली एम. नाइट श्यामलन यांनी सिनेमा काढला. कॅमेरॉनच्या सिनेमामुळे नावातला ‘अवतार’ गेला, ते एक वेळ चाललं असतं. पण आशियाई वळणाच्या या जगातले नायक बहुतेक गोरे निवडले आणि अग्निराष्ट्राचे, म्हणजे हल्लेखोर बाजूचे, बरेच नट भारतीय वंशाचे. देव पटेल झुको होता. चाहत्यांनी त्याविरुद्ध मोहीमच उघडली. चित्रकथाकार जीन लुएन यांगही त्या निषेधात होते, आणि पुढे २०१२ पासून मूळ मालिकेची गोष्ट पुढे नेणारी अधिकृत चित्रपुस्तकं त्यांनीच लिहिली. मला हे फार आवडतं. भांडलेला चाहता घरचा झाला. सिनेमाला रॅझी, म्हणजे वाईट सिनेमांचे पुरस्कार, पाच मिळाले. त्याबद्दल आणखी काय बोलायचं.

‘कोरा’च्या वाट्याला दुसरा जाच आला. पहिल्या मालिकेवर जीव असलेल्या कितीतरी लोकांना कोरा आंगसारखी नाही हेच खटकलं. दुसऱ्या पर्वात तिचा मागच्या अवतारांशी असलेला संबंध तुटतो तेव्हा तर लोक घरातलं कुणी गेल्यासारखे चिडले. मी पण चिडलो होतो, कबूल करतो. आता वाटतं, निर्मात्यांनी तिथे स्वतःचंच सातवं चक्र उघडायचा प्रयत्न केला, आणि आम्हीच ते बंद केलं.

त्यांनाही ते पुरतं कुठे जमलंय म्हणा. नेटफ्लिक्सची मालिका २०१८ ला जाहीर झाली तेव्हा दोघं तिचं नेतृत्व करणार होते. ऑगस्ट २०२० मध्ये डिमार्टिनोने जाहीर पत्र लिहून सांगितलं की आम्ही बाहेर पडलोय, आमच्या मनातली मालिका तिथे होणार नाही. म्हणजे स्वतःचं लेकरू दुसऱ्याच्या हाती देऊन निघाले. सोडलं, असं आपल्याला वाटतं. सहाच महिन्यांत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, निकलोडियनने ‘अवतार स्टुडिओज’ जाहीर केला आणि हे दोघं पुन्हा त्याच जगात, प्रमुख म्हणून. २०२५ मध्ये, वीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा, ‘सेव्हन हेवन्स’ ही २६ भागांची नवी मालिका जाहीर केली, कोरानंतरच्या अवताराची. आंगने तरी एकदा सोडलं होतं!

मधल्या काळात आमच्यासारखे उशिरा आलेलेही भरपूर जमले. मे २०२० मध्ये मूळ मालिका अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आली आणि तिथल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, म्हणजे शेवटचा भाग दाखवून बारा वर्षं होत आली असताना. २०२१ ला ‘ब्रेव्हिंग द एलिमेंट्स’ हा पॉडकास्ट सुरू झाला. चालवणारे कोण? कोराचा आवाज जेनेट वार्नी आणि झुकोचा आवाज डांटे बास्को. एकेक भाग पुन्हा पाहायचा, ज्यांनी तो केला त्यांना बोलवायचं आणि गप्पा मारायच्या. जेरेमी झुकरमन यांचं संगीत अधिकृतपणे यायला २०२३ उजाडावं लागलं, आणि २०२४ पासून वाद्यवृंद समोर बसवून मालिकेतली दृश्यं पडद्यावर दाखवणारे कार्यक्रम होऊ लागले.

आणि सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला प्रसंग सांगू? शेवटाकडे झुको, ज्याने काकांना दगा दिला होता, रात्रभर त्यांच्या तंबूत ते जागे व्हायची वाट बघत बसतो. सकाळी माफी मागायला लागतो, रडतो, वाक्य पुरं होत नाही. काका मधेच त्याला ओढून कवटाळतात. ते कधी रागावलेच नव्हते. फक्त वाट चुकला असेल याची भीती होती.

तो प्रसंग भाच्याने त्या रात्री तीनदा मागे नेऊन लावला. आता तो बंगळुरूला नोकरी करतो, फोन कमीच होतात. परवा आईशी बोलता बोलता त्याने सांगितलं की तो मालिका पुन्हा पहिल्यापासून बघतोय. आईने विचारलं, “मग, आप्पा सापडले का?” तो म्हणाला, “अजून नाही आजी, दुसऱ्या पर्वातच आहे. अजून काही भाग आहेत.”