लशीची उघडलेली बाटली

लसटोचणी म्हटली की आपणां सर्वांचे लक्ष सुईकडे जाते. बाटलीकडे सहसा कोणी पाहत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचण्यात आली आणि पुढे १९ जण धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतून टोचलेले होते. लस परळच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेली, म्हणून दोष डॉ. हाफकिन यांच्या माथी आला. बाटलीचे बूच काढताना साहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता, ही बाब पुढे उजेडात आली. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

आजही इंदुरात काय वा खेड्यात काय, परिचारिकांस हीच खबरदारी शिकवावी लागते. बाटली उघडताच तीवर तारीख व वेळ लिहावी. सुई बुचात खोचून ठेवू नये. पेंटाव्हॅलंटसारख्या द्रव लशीत जंतुरोधक द्रव्य असते, म्हणून ती नियमाने थंड राखल्यास २८ दिवस चालते. बीसीजी व गोवर-रुबेला यांच्या भुकटीत ते नसते; कालवल्यावर ४ तासांनी ती टाकलीच पाहिजे.

माल टाकणे आम्हां व्यापाऱ्यांच्या जिवावर येते. तथापि शिबिराचे यजमान या नात्याने “उरलेली बाटली पुरवून घ्या” असा आग्रह आपण धरू नये. ही घट लशीच्या मागणीपत्रकात आधीच धरलेली असते.