चौथ्या क्रमांकाचा मल्ल

खाशाबा जाधवांचें नांव आज शाळेंतील लहान मुलासही पाठ असतें. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें व स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलें, हें सुविद्य वाचकांस सांगावयास नको. परंतु त्यांच्याही पूर्वीं बत्तीस वर्षें एक महाराष्ट्रीय मल्ल पदकापासून अवघी एक कुस्ती दूर राहिला होता. येथें पुलगांवीं चार सुशिक्षित मंडळींस मीं हें विचारून पाहिलें. वर्धा नदी ओलांडली कीं अमरावती जिल्हा लागतो. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचें. म्हणजे तालमीचें वेड या मुलखास नवें नाहीं. तरीही त्या मल्लाचें नांव एकासही सांगतां आलें नाहीं. तें नांव रणधीर शिंदे.

डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या खटपटीनें १९२० सालीं हिंदुस्थानचा पहिला संघ बेल्जममधील अँटवर्प येथें गेला. मोजकीं सहा माणसें. त्यांत मल्ल दोनच, कुमार नवले आणि शिंदे. त्या काळीं भारतीय ऑलिंपिक संघटना अस्तित्वांतही नव्हती. ती पुढें १९२७ सालीं निघाली.

आपल्याकडील कुस्तीची रीत वाचकांस ठाऊक आहेच. तेल, ताक, हळद घालून मळलेली तांबडी माती, हलगीचा कडकडाट, आणि जोड लावावयाची ती नजरेच्या अंदाजानें. शाहू महाराजांनीं १९१२ सालीं कोल्हापुरास बांधविलेलें खासबाग मैदान हें या विद्येचें जणूं देवालयच. अँटवर्पला मातीच्या जागीं गादी होती आणि नजरेच्या जागीं वजनाचा कांटा. शिंदे उतरले तो गट साठ किलोपर्यंतचा. कमरेखालीं पकड घेण्यास तेथें मुभा होती, एवढ्यापुरती ती कुस्ती आपल्या कुस्तीच्या जवळची. परंतु प्रतिपक्ष्याचा पोशाख धरणें निषिद्ध! जांघ्याला हात घालून डाव टाकण्याची ज्याला वर्षानुवर्षांची संवय, त्याचे अर्धे डाव तेथें निरुपयोगी ठरतात. ज्यानें तालमीच्या हौद्यांत पाय ठेवला आहे त्यालाच ही अडचण पुरती कळेल.

१ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य निवर्तले. त्याच महिन्याच्या उत्तरार्धांत या कुस्त्या झाल्या. उपांत्यपूर्व फेरींत शिंद्यांनीं हेन्री इनमन या इंग्रज मल्लाचा पराभव केला. उपांत्य फेरींत अमेरिकेचा सॅम्युएल गर्सन त्यांना भारी पडला. त्या गटांत गर्सनला पुढें रौप्यपदक मिळालें. उरली ती कांस्यपदकाची कुस्ती. तेथें समोर पुन्हां इंग्रजच, पीटर बर्नार्ड. आणि ती शिंदे हरले. राज्यकर्त्यांच्या एका मल्लास जिंकावें आणि दुसऱ्याकडून हार खावी, असा विलक्षण योग! अनोळखी गादीवर, परक्या नियमांनीं खेळून मिळविलेला चौथा क्रमांक मला तरी थोडका वाटत नाहीं.

ऑलिंपिकच्या दप्तरांत त्यांचें आडनांव ‘शिंदेस’ असें पडलें आहे. रोमन लिपींत शेवटीं एक ‘स’ कोणीं चिकटविला कोण जाणे! रणधीर म्हणजे रणांत जो धीर सोडीत नाहीं तो. त्या सुंदर नांवापुढें हें विद्रूप आडनांव वाचतांना मराठी माणसाला क्षणभर ओळखच पटत नाहीं. परकीय कारकुनाची चूक एक वेळ समजूं शकते; पण आपल्या पुस्तकांतूनही तें रूप जसेंच्या तसें उतरविलें जातें, याचें मात्र नवल वाटतें.

शिंद्यांनंतर चौथ्या क्रमांकाचा हाच अनुभव आणखी एका महाराष्ट्रीय मल्लाच्या वांट्यास आला. खाशाबांच्याच बरोबर हेलसिंकीस गेलेले केशव माणगावे फेदरवेट गटांत लढले. शिंद्यांचा अँटवर्पचा गटही याच नांवाचा. तेथें कांस्यपदक अमेरिकेच्या जोसाया हेन्सनकडे गेलें, आणि माणगावे चौथे आले.