इंजिनाचा श्वास

गाडीचा मूळचा एअर फिल्टर आणि त्याचा डबा काढून तिथे मोठ्या तोंडाचा उघडा फिल्टर बसवला, की इंजिनाची ताकद वाढते, असे छातीठोकपणे सांगणारे कोणी ना कोणी प्रत्येक गावात भेटतात. काही जण तर फिल्टर काढूनच टाका म्हणतात. दहावी-अकरावीतली मुले हे मोठ्या विश्वासाने ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात, "सर, हे खरे आहे का?" 'हो' म्हणणे सोपे आहे, 'नाही' म्हणणे त्याहून सोपे. पण दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. गंमत अशी, की या प्रश्नाचा निकाल शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे आपला आपल्यालाच लावता येतो. चला, प्रयत्न करून पाहू.

आधी एक हिशेब करू. एक लिटरचे, म्हणजे १००० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन घ्या. एक लिटर म्हणजे चारही सिलिंडरांत दट्ट्या खाली सरकताना मोकळी होणारी एकूण जागा. हे चार धावांचे (फोर स्ट्रोक) इंजिन असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेतो. म्हणजे दर फेऱ्याला अर्धा लिटर हवा. मिनिटाला ६००० फेरे होत असतील, तर ही हवा झाली मिनिटाला ३००० लिटर, म्हणजे तीन घनमीटर. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा वर्गात ९० घनमीटर हवा मावते. आपले हे लहानसे इंजिन जोरात चालले, तर शाळेचा एक तास संपायच्या आत अख्ख्या वर्गातली हवा पिऊन मोकळे होईल!

या हवेबरोबर पेट्रोल किती लागते? एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणजे मिनिटाला ३.६ किलो हवा झाली. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. ३.६ किलोला १४.७ ने भागले की उत्तर येते सुमारे २४५ ग्रॅम. एवढे पेट्रोल म्हणजे जेमतेम लिटरचा तिसरा हिस्सा. इकडे पेलाभर पेट्रोल आणि तिकडे तीन हजार लिटर हवा! पेट्रोल जास्त सोडणे मुळीच अवघड नाही, पण ते जाळायला हवा नसेल तर ते वाया जाते आणि धूर होतो. म्हणून इंजिनाची कमाल ताकद ठरते ती मुख्यतः त्यात किती ग्रॅम हवा शिरते यावर.

याचा एक झकास पुरावा १९१८ साली अमेरिकेत मिळाला. सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने 'लिबर्टी' नावाचे विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच डोंगराच्या माथ्यावर नेऊन चालवले. खाली सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन तिथे सुमारे २३० वर आले. मग मॉस यांनी त्याला टर्बोचार्जर जोडला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरते आणि त्याला जोडलेला पंखा बाहेरची हवा दाबून आत भरतो, असे हे यंत्र. ते जोडताच ताकद पुन्हा सुमारे ३५६ अश्वशक्तीवर गेली. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असते. आता ३५० चे ६५ टक्के काढून पाहा. उत्तर २३० च्या अगदी जवळ येते. इंजिन तेच होते, पेट्रोलही होते, कमी पडली होती ती हवा.

मग हवेची वाट मोठी केली की ताकद वाढणार, हे बरोबरच नाही का? वाट अरुंद असेल तर नक्कीच. ६००० फेऱ्यांच्या वेगाला दट्ट्या वरून खाली जायला एका सेकंदाचा दोनशेवा भाग घेतो. सिलिंडर भरायला सवड मिळते ती जेमतेम एवढीच. औषधाची मोठी पिचकारी (सुई न लावता) घ्या, तिच्या तोंडावर बोट ठेवून बारीकशी फट सोडा आणि दट्ट्या आधी सावकाश ओढा, नंतर झटक्यात ओढा. सावकाश ओढताना तो सहज येतो, झटक्यात ओढताना जड लागतो. कारण आत हवा पुरेशा वेगाने पोचत नाही आणि दाब पडतो. वेगात चालणाऱ्या इंजिनाची हीच अडचण असते.

पण या अडथळ्यात फिल्टरचा वाटा किती? तो मोजायची युक्ती शाळेला परकी नाही. पारदर्शक नळी इंग्रजी 'यू'सारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरायचे. एक टोक मोकळे सोडायचे, दुसरे फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूच्या नळीला जोडायचे. पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक म्हणजे फिल्टरपाशी आणि त्याच्या अलीकडच्या वाटेत हरवलेला दाब. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर, म्हणजे १००० सेंटिमीटर, पाण्याच्या स्तंभाएवढा असतो हे आपण शिकवतोच. तेव्हा पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे हजारातला एक भाग हवा कमी. समजा, पूर्ण वेगात पातळ्यांत २० सेंटिमीटरचा फरक पडला. मग ही सारी वाट हवेत विरून गेली असे मानले, तरी फायदा जेमतेम दोन टक्के! गाडी ६० अश्वशक्तीची असेल, तर सव्वा अश्वशक्तीसुद्धा पुरती नाही.

तीही फक्त अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. एरवी गावातून जाताना पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेतला थ्रॉटल अर्धवट मिटलेलाच असतो. त्याचा अडथळा फिल्टरच्या कितीतरी पट मोठा. नळाची तोटी अर्धी बंद ठेवून मागचा पाइप जाड करण्यात काय अर्थ आहे?

उलट नुकसान मात्र होऊ शकते. बऱ्याच गाड्यांत मूळच्या डब्याला बाहेरची थंड हवा आणणारी नळी असते. डबा काढून उघडा फिल्टर बॉनेटखाली बसवला, की इंजिन स्वतःच्याच उष्णतेने तापलेली हवा ओढू लागते. बाहेर ३० अंश सेल्सिअस आणि बॉनेटखाली ६० अंश असतील, तर केल्व्हिनमध्ये ते ३०३ आणि ३३३ होतात. सारख्या दाबाला घनता केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे हवा नऊ टक्क्यांनी विरळ झाली. पुढच्या वाटेत थंड हवाही थोडी तापतेच, त्यामुळे प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी पडतो. तरीही दोन टक्के मिळवायला निघालेला माणूस त्याहून जास्त गमावून बसू शकतो. मग गाडी 'जास्त पळते' असे का वाटते? डबा हवा ओढण्याचा आवाजही दाबत असतो. तो गेला की इंजिन गुरगुरते आणि ती गुरगुर आपण ताकद समजतो.

हवेची वाट सुधारून खरा फायदा कधीच होत नाही, असे मात्र समजू नका. तो बहुधा दुसरीकडे दडलेला असतो. वाटेतली एक अतिशय चिंचोळी जागा म्हणजे सिलिंडरच्या तोंडाची झडप. पुढचा पूल अरुंद असताना अलीकडचा रस्ता रुंद करून काय उपयोग? म्हणून अभियंते पूलच रुंद करतात. मारुती ८०० च्या ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला आधी तीन सिलिंडरांत मिळून सहा झडपा होत्या आणि ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती होती. २००० सालच्या सुमारास त्याच आकाराचे बारा झडपांचे इंजिन आले, त्याची ताकद सुमारे ४५ अश्वशक्ती होती. (त्यात पेट्रोल फवारण्याची पद्धतही बदलली होती, म्हणून सगळे श्रेय झडपांना देता येणार नाही.)

दुसरा मार्ग नळीच्या लांबीचा. १९६० साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने आपल्या '३००-एफ' या गाडीला ३० इंच लांबीच्या हवेच्या नळ्या बसवल्या. एवढ्या लांब कशासाठी? दट्ट्या झपाट्याने खाली जातो तेव्हा कमी दाबाची एक लाट नळीतून बाहेरच्या टोकाकडे ध्वनीच्या वेगाने जाते. मोकळ्या टोकावरून ती जास्त दाबाची लाट होऊन परत फिरते. झडप मिटण्याच्या बेतात असताना ती आली, तर जाता जाता आणखी थोडी हवा आत ढकलते. बासरीत आणि अनुनादाच्या प्रयोगातल्या नळीत जे घडते, तेच हे. ३० इंच जाऊन-येऊन होतात सुमारे १५२ सेंटिमीटर. त्याला लाटेला सुमारे ४.४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २८०० फेरे असताना हा वेळ एका फेऱ्याच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो आणि नेमक्या याच वेगासाठी त्या नळ्या बेतल्या होत्या.

फेरे दुप्पट झाले तर? लाटेला वेळ निम्माच मिळणार, म्हणून नळीही निम्मी हवी. काही थोड्या गाड्यांत क्रायस्लरने नळ्यांमधल्या भिंतीचा भाग काढून त्यांची उपयोगी लांबी १५ इंच केली. ताकद ३७५ वरून ४०० अश्वशक्ती झाली, पण ती वरच्या वेगाला. मधल्या वेगातला जोर कमी झाला. फायद्याची किंमत मोजावी लागली ती अशी. म्हणून पुढे अनेक गाड्यांत चालता चालता लांबी बदलणाऱ्या नळ्या आल्या.

आता राहिला फिल्टर काढूनच टाकण्याचा सल्ला. धुळीच्या रस्त्यावर घनमीटरभर हवेत एक मिलिग्रॅम धूळ धरली आणि इंजिन सरासरीने मिनिटाला एक घनमीटर हवा घेते असे मानले, तर ५०० तासांत ३० ग्रॅम धूळ आत जाईल. धूळ म्हणजे बऱ्याच अंशी क्वार्ट्झची पूड. क्वार्ट्झ काचेवर ओरखडे काढतो. सिलिंडरची भिंत आणि दट्ट्याची रिंग यांच्यात तेलाचा अतिशय पातळ थर असतो. त्या थराहून जाड कण तिथे पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. रिंग झिजते, दाब निसटतो, तेल जळते, निळसर धूर दिसू लागतो. दोन टक्क्यांसाठी काढलेला फिल्टर हळूहळू त्याहून कितीतरी जास्त ताकद खाऊन टाकतो आणि वर इंजिन दुरुस्तीचे बिल हातात देतो.

तेव्हा मुलांनी विचारले, की नुसते हो किंवा नाही म्हणू नका. त्यांना उलट विचारा: या बदलाने इंजिनात किती ग्रॅम हवा जास्त गेली? ती थंड होती की गरम? कोणत्या वेगाला गेली? आणि बरोबर आणखी काय गेले? ही उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याचे म्हणणे जरूर ऐकावे. ज्याच्यापाशी फक्त आवाज आहे, त्याला आधी पाण्याची ती वाकडी नळी दाखवावी.