नेटवर्कमध्ये दिसत नाही म्हणजे नॅस बिघडला?

घरात दोन डिस्कचा छोटा नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारं उपकरण) आणला, राउटरला जोडला, चालू केला. वडिलांच्या विंडोज लॅपटॉपवर फोल्डर उघडतो, मुलीच्या मॅकबुकवर पासवर्ड चुकीचा म्हणतो, मुलाच्या लिनक्सवर फोल्डर दिसतो पण फाइल सेव्ह होत नाही, आणि आईच्या फोनवर तर काहीच नाही. मग निष्कर्ष निघतो की ‘या सिस्टिम एकमेकांशी जमवून घेत नाहीत’. खरं तर त्या आता फार चांगलं जमवून घेतात. अडचण बहुतेक वेळा आपल्या मनातल्या चित्रात असते. नॅसला आपण डिस्क समजतो, पण तो एक स्वतंत्र संगणक आहे. त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम असते, स्वतःची यूजरांची यादी असते आणि स्वतःचे नियम असतात. हे एकदा पक्कं झालं की खालचे बरेचसे गैरसमज आपोआप सुटतात.

‘विंडोजसाठी फॉरमॅट केला तर मॅकवर चालणार नाही’

हा समज पेनड्राइव्हवरून आला आहे, आणि तिथे तो बरोबरच आहे. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत फॉरमॅट केलेली बाहेरची डिस्क मॅकला लावली तर फाइली वाचता येतात, लिहिता येत नाहीत. नॅसचं तसं नाही. बँकेच्या काउंटरवर आपण पैसे मागतो, आतली तिजोरी कुठल्या किल्लीने उघडते याच्याशी आपला संबंध नसतो. नॅसच्या डिस्कवर आत ईएक्सटी४, बीटीआरएफएस किंवा झेडएफएस अशी एखादी रचना असते. ती तुमच्या संगणकाला दिसतच नाही. संगणक फाइल मागतो, नॅस ती वाचून पाठवतो. म्हणून एकच फोल्डर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिघेही एकाच वेळी वापरू शकतात.

तिजोरीशी संबंध येतो तो फक्त नॅस बंद पडल्यावर. डिस्क काढून विंडोजला लावली की ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न समोर येतो. कृपा करून ‘हो’ म्हणू नका. डेटा शाबूत असतो, फक्त विंडोजला ती रचना वाचता येत नाही. बऱ्याच नॅसच्या डिस्क लिनक्स असलेल्या संगणकावर वाचता येतात.

‘एसएमबी विंडोजसाठी, एएफपी मॅकसाठी, एनएफएस लिनक्ससाठी’

नेटवर्कवरून फाइली मागण्या-देण्याच्या या तीन भाषा. पंधरा वर्षांपूर्वी ही वाटणी बरीचशी खरी होती. आज घरासाठी उत्तर एकच आहे: सगळ्यांना एसएमबी. तिची सुरुवात १९८०च्या दशकात आयबीएममध्ये झाली, मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. पण ती फक्त विंडोजपुरती राहिली नाही, याचं मोठं श्रेय ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलला जातं. १९९१-९२च्या सुमारास कॅनबेरातल्या विद्यापीठात असताना त्याने नेटवर्कवरून काय ये-जा होते ते निरखून त्याच भाषेत बोलणारा सर्व्हर लिहिला. तोच पुढे ‘सांबा’ झाला. आज घरगुती नॅसमध्ये एसएमबीचं काम बहुतेक ठिकाणी सांबाच करतो, आणि तो सगळ्यांसाठी मोफत आणि खुला आहे याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

ॲपलनेही २०१३च्या मॅव्हरिक्सपासून एएफपी बाजूला ठेवून एसएमबी-२ला पहिली पसंती दिली, आणि २०२०च्या बिग सरमध्ये मॅकवरून एएफपीने फोल्डर शेअर करण्याची सोयच काढून टाकली. टाइम मशीनचा बॅकअपही एसएमबीवर उत्तम चालतो. तेव्हा नॅसच्या सेटिंगमध्ये ‘मॅकसाठी’ म्हणून एएफपी चालू ठेवला असेल तर खुशाल बंद करा.

एनएफएस १९८४मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणली आणि ती आजही कामाची आहे, पण घरात ती हमखास एक गोंधळ घालते. नेहमीच्या मांडणीत एनएफएस नाव-पासवर्ड विचारत नाही, यूजरचा क्रमांक बघते. मॅकवर पहिल्या यूजरचा क्रमांक ५०१ असतो, उबंटूवर १०००. त्यामुळे बहीण मॅकवरून फाइल ठेवते आणि भावाला लिनक्सवर ती दिसते, पण बदलता येत नाही. फाइल तीच, घर तेच, पण नॅसच्या दृष्टीने ५०१ आणि १००० ही दोन अनोळखी माणसं. लिनक्सवरही एसएमबीनेच जोडलं की हा प्रश्न बहुधा येत नाही.

‘नेटवर्कमध्ये नाव दिसत नाही, म्हणजे नॅस बंद आहे’

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा गैरसमज हाच, आणि यावरचा जो ‘उपाय’ सर्रास सांगितला जातो तो धोक्याचा आहे.

यादीत नाव दिसणं आणि नॅसपर्यंत पोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी तयार करण्यासाठी उपकरणांना ‘मी इथे आहे’ अशी घोषणा करावी लागते. विंडोजच्या जुन्या पद्धतीत ही घोषणा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधाराने होत असे. नवं विंडोज त्यासाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतं, मॅक बाँजूर वापरतो. तुमचा नॅस यातली एकच भाषा बोलत असेल तर तो मॅकवर दिसेल आणि विंडोजवर दिसणार नाही. पण फाइली देण्याचं काम दोन्हीकडे चालूच असतं.

तेव्हा यादीच्या मागे लागू नका, थेट पत्ता टाका. राउटरच्या पानावर नॅसचा आयपी पत्ता मिळतो, समजा १९२.१६८.१.२० (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे). विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे हा पत्ता लिहायचा. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि ‘के’ दाबलं की चौकट येते, तिथे एसएमबी, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पत्ता. आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्येही २०१९च्या आयओएस १३पासून ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. अँड्रॉइडवर एसएमबी समजणारं एखादं फाइल मॅनेजर ॲप घ्यावं लागतं. हा पत्ता राउटरमध्ये नॅसच्या नावाने राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलणार नाही.

थेट पत्त्यानेही उघडलं नाही, तर मग तपासायचं. फोन ‘गेस्ट’ वाय-फायवर आहे का? तिथून घरातली इतर उपकरणं सहसा दिसत नाहीत, त्याचा हेतूच तो असतो. विंडोजमध्ये घरचं वाय-फाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलंय का? आणि इंटरनेटवाल्याच्या डब्याला आपण आपला दुसरा राउटर जोडला असेल, तर घरात नकळत दोन वेगळी नेटवर्क तयार झालेली असतात. आतल्या राउटरवरचा नॅस बाहेरच्या डब्याच्या वाय-फायवर असलेल्या फोनला सापडणार नाही.

आता तो धोक्याचा उपाय. ‘विंडोज फीचर्समध्ये जा आणि एसएमबी-१ चालू करा.’ असं केल्यावर जुना नॅस खरंच दिसायला लागतो, म्हणून हा सल्ला एका घरातून दुसऱ्या घरात जातो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर शंभराहून अधिक देशांत पसरलं, ते याच एसएमबी-१मधल्या फटीतून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, अनेकांनी ती घेतलेली नव्हती. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने ही फट इतर मार्गांसोबत वापरली आणि मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर ठप्प झाली. आपल्या न्हावा शेव्याला जेएनपीटीतल्या त्या समूहाच्या टर्मिनलचं कामही तेव्हा कोलमडलं होतं. विंडोज १०च्या २०१७ अखेरच्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी-१ काढायला घेतलं ते उगाच नाही. नॅसच्या सेटिंगमध्ये ‘किमान एसएमबी-२’ निवडा. नॅस इतका जुना असेल की एसएमबी-१शिवाय त्याला काही येतच नाही, तर त्यावरचा डेटा दुसरीकडे हलवून त्याला निवृत्त करा.

‘घरचंच आहे, पासवर्ड कशाला?’

पूर्वी ‘गेस्ट’ ठेवलं की सगळं बिनपासवर्ड उघडायचं. विंडोज ११च्या २०२४मधल्या २४एच२ आवृत्तीत, विंडोज प्रो असलेल्या लॅपटॉपवर हे मुळातच बंद झालं आहे: पाहुणा म्हणून जोडणी नाकारली जाते आणि प्रत्येक संदेशावर डिजिटल सही लागते. पाहुण्याकडे पासवर्ड नाही, म्हणून सही करायला किल्लीही नाही. ‘कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. यावर रजिस्ट्रीत बदल करून जुना दरवाजा उघडण्यापेक्षा नॅसवर घरातल्या प्रत्येकाचं खातं काढा. दहा मिनिटांचं काम आहे. मुलाच्या हातून चुकून फोटोंचा फोल्डर पुसला जाऊ नये म्हणून त्याला फक्त वाचण्याची परवानगी देणंही तेव्हाच शक्य होतं.

पण कुठला पासवर्ड? लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन इथे चालत नाही, तो त्या लॅपटॉपपुरताच असतो. मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपल खात्याचा पासवर्डही नाही. नॅसच्या यादीतलं नाव आणि नॅसवर ठरवलेला पासवर्ड, एवढंच.

विंडोजची एक खोड इथे सांगितलीच पाहिजे. एकाच सर्व्हरला ते एका वेळी एकाच नावाने जोडतं. आधी ‘बाबा’ म्हणून एक फोल्डर उघडला आणि मग त्याच लॅपटॉपवरून दुसरा फोल्डर ‘आई’ म्हणून उघडायला गेलात, तर पासवर्ड अचूक असूनही नकार येतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन नॅसची जुनी नोंद पुसा, लॅपटॉप पुन्हा सुरू करा आणि हव्या त्या नावाने आत जा.

‘नेटचा प्लॅन वाढवला की कॉपी वेगाने होईल’

नाही. घरातल्या घरात फाइल कॉपी होताना इंटरनेटचा काहीच संबंध नसतो, नेट बंद असलं तरी नॅस चालतो. वेग ठरतो तो केबल, राउटर आणि वाय-फाय यांच्यावर. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट मिळतात. कॉपी ११-१२वरच अडकली असेल तर वाटेत कुठेतरी शंभर मेगाबिटचा पोर्ट किंवा खराब केबल आहे, असं खुशाल समजा.

‘फाइलचं नाव मराठीत दिलं की बिघडतं’

बिघडत नाही, आणि या भीतीने आपल्या फोल्डरना इंग्रजी नावं देऊ नयेत असं मला फार वाटतं. मात्र काही गोष्टी माहीत हव्यात.

‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये सलग एक चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांत. मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना नावं अशी फोडून साठवायची, विंडोज आणि लिनक्स टाइप केलं तसंच ठेवतात. जुन्या मॅकच्या डिस्कवरून आरसिंक या कॉपी करण्याच्या साधनाने थेट नॅसवर नक्कल केली की ‘वऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहू शकतात. डोळ्यांना एकच नाव, नॅसच्या लेखी दोन, आणि बॅकअप दोन्ही जपतो. यात भर म्हणजे काही कीबोर्ड हाच अर्धा र साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा तिसऱ्याच प्रकारे टाइप करतात. तेव्हा ‘तऱ्हा’, ‘सुट्ट्यांमधल्या दऱ्या’ अशा नावांचे फोल्डर एकाच संगणकावरून तयार करा. जुना पसारा एकसारखा करायचा तर लिनक्सवर ‘कॉन्व्हएमव्ही’ हे साधन पहिल्या दोन रूपांचा गुंता सोडवतं. अदृश्य जोडचिन्ह असलेलं नाव मात्र हातानेच बदलावं लागतं.

दुसरी गोष्ट लांबीची. ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरी दिसतो, पण काना आणि हलन्त धरून ती दहा चिन्हं होतात, आणि प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं. झाले तीस. ईएक्सटी४मध्ये नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे, म्हणजे मराठीत ८५ चिन्हं. विंडोज बाइट्स न मोजता चिन्हं मोजतं, म्हणून लॅपटॉपवर बसलेलं लांबलचक नाव नॅसवर नाकारलं जातं. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर एन्क्रिप्ट केलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये तर ही मर्यादा १४३ बाइट्स आहे. म्हणजे मराठीची जेमतेम ४७ चिन्हं.

नावात वेळ लिहिताना कोलन, तारीख लिहिताना तिरकी रेघ आणि कुठेही प्रश्नचिन्ह टाळा. लिनक्सवर कोलन चालतो, विंडोजवर चालत नाही, मग तीच फाइल तिकडे ओळखू न येणाऱ्या तुटक नावाने दिसते.

‘बाहेरून बघायचं तर राउटरचा पोर्ट उघडायचा’

पुण्यातला नॅस आणि न्यू जर्सीतली लेक, हे आता अनेक घरांतलं चित्र आहे. तिच्यासाठी एसएमबीचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटकडे उघडू नका. जगभरची स्वयंचलित सॉफ्टवेअर तो सतत चाचपत असतात. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे असंख्य नॅस कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. भारतात अनेक इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही तो चालेलच असं नाही. त्याऐवजी टेलस्केलसारखा व्हीपीएन लावा. लेकीचा लॅपटॉप मग घरातलाच असल्यासारखा वागतो. अर्थात इतक्या अंतरावर एसएमबी संथ चालतं, कारण फोल्डर उघडतानाही ते नॅसशी बरीच देवाणघेवाण करतं. हजारो फोटोंचा अल्बम तिला दाखवायचा असेल तर त्याच व्हीपीएनवरून नॅसचं फोटो ॲप उघडायला सांगा, आणि एसएमबी एखादी फाइल आणण्या-ठेवण्यापुरतं वापरा.