शेअर बाजारातला पैसा जयगडला कसा पोचतो?
शेअर बाजाराचा आपल्या रत्नागिरीशी काय संबंध? जयगडला बघा. तिथलं बंदर चालवणाऱ्या जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरने सप्टेंबर २०२३ मध्ये आयपीओ, म्हणजे लोकांसाठीची पहिली शेअरविक्री, आणला. ११९ रुपयांना एक, असे नवे शेअर विकून २,८०० कोटी रुपये उभारले. काही रक्कम कर्जफेडीसाठी, काही जयगडच्या एलपीजी टर्मिनलसाठी आणि गाळ उपसणाऱ्या ड्रेजरसाठी ठरली होती.

३ ऑक्टोबरला हा शेअर बाजारात आला. त्यानंतरची रोजची खरेदी-विक्री गुंतवणूकदारांची आपापसातली. त्यातून कंपनीला रुपयाही मिळत नाही. मग या खरेदी-विक्रीचा उपयोग काय? हवे तेव्हा शेअर विकून मोकळं होता येतं, म्हणून तर लोक आयपीओत पैसे घालतात!

आयपीओला अर्ज करण्याआधी शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या वेबसाइटवरचं माहितीपत्रक उघडा. कंपनी पैसे कशासाठी मागतेय, ते आधी वाचा.